विद्यापीठ आणि गोव्याची रोजीरोटी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सरकारी पैशावर चालणारं विद्यापीठ आपल्याला देतं तरी काय, हा विषय गोव्यात दोन वेळा हमखास निघतो. एकदा शैक्षणिक संकुलासाठी जमीन घ्यायची ठरते तेव्हा, आणि एकदा घरातला मुलगा किंवा मुलगी पदवी घेऊन नोकरीची वाट पाहत बसते तेव्हा. मी काही वर्षं महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवलं. विद्यार्थ्यांनी, त्यांच्या पालकांनी आणि शेजारपाजाऱ्यांनी विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. जिथे माझं मत आहे तिथे ते मत म्हणूनच लिहिलं आहे.

गोव्यात सार्वजनिक उच्च शिक्षण म्हणजे नेमकं कोणकोण?

आज ताळगावच्या पठारावर असलेलं गोवा विद्यापीठ १९८४ च्या कायद्याने स्थापन झालं आणि १ जून १९८५ पासून सुरू झालं. त्याआधी गोव्यातली महाविद्यालयं मुंबई विद्यापीठाला जोडलेली होती आणि पदव्युत्तर शिक्षणासाठी त्या विद्यापीठाचं एक केंद्र पणजीत होतं. पोर्तुगीज राजवटीतून मुक्ती मिळाल्यावर सहा महिन्यांतच, १९६२ मध्ये, पणजीत धेंपे आणि मडगावात चौगुले महाविद्यालय उभं राहिलं. ही खासगी संस्थांनी काढलेली, पण सरकारी अनुदानावर चालणारी महाविद्यालयं. पुढे साखळी, खांडोळा, केपे, पेडणे इथे थेट सरकारी महाविद्यालयं आली.

याशिवाय बांबोळीचं गोमेकॉ (गोवा वैद्यकीय महाविद्यालय), फर्मागुढीचं अभियांत्रिकी महाविद्यालय (१९६७), पणजीतलं फार्मसी, आल्तिनोवरचं कला महाविद्यालय. केंद्राच्या पैशावर चालणाऱ्या एनआयटी (२०१०) आणि आयआयटी (२०१६) या संस्था वेगळ्या. लोक बोलताना या सगळ्यांना मिळून ‘युनिव्हर्सिटी’ म्हणतात. पैशाच्या दृष्टीने मात्र त्यांच्यात मोठा फरक आहे, तो पुढे येईल.

विद्यापीठात नोकऱ्या म्हणजे प्राध्यापकांच्याच ना?

नाही. एक विभाग चालवायला प्राध्यापकांच्या जोडीला प्रयोगशाळा साहाय्यक लागतो, ग्रंथालयात कर्मचारी लागतात, परीक्षा विभागात एलडीसी, यूडीसी (कनिष्ठ आणि वरिष्ठ कारकून), हिशेबनीस लागतात. वीज, पाणी, बाग, वाहनं सांभाळणारी माणसं निराळी. परीक्षेच्या दिवसांत पेपर तपासणी, पर्यवेक्षण, छपाई, वाहतूक अशी तात्पुरती कामं निघतात. सुरक्षारक्षक आणि सफाई कामगार आता बहुतेक सरकारी संस्थांत महामंडळामार्फत किंवा कंत्राटदारामार्फत येतात.

गोव्यात सरकारी भरतीसाठी साधारणपणे पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला आणि कोकणीचं ज्ञान आवश्यक धरतात, मराठीचं ज्ञान इष्ट मानतात. त्यामुळे कारकून, साहाय्यक, शिपाई या पदांवर स्थानिक माणूस लागतो आणि त्याचा पगार सत्तरीत, केप्यात, बार्देशात घरी जातो. प्राध्यापकपदांचं तसं नाही. तिथे नेट, सेट या पात्रता परीक्षा किंवा पीएच.डी. लागते आणि स्पर्धा देशभरची असते. महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची सेट परीक्षा पुण्याचं सावित्रीबाई फुले विद्यापीठ घेतं, हे अनेक पदव्युत्तर मुलांना शेवटच्या वर्षापर्यंत ठाऊक नसतं. ते पहिल्याच वर्षी सांगायला हवं.

पगार आपल्याच करातून जातात. मग त्यात नवा पैसा कुठला?

हा प्रश्न मला मडगावच्या एका किराणा दुकानदाराने विचारला होता. विद्यापीठांच्या बाजूने लिहिणारे बरेच लोक तो टाळतात, म्हणून इथे जरा सविस्तर.

राज्य सरकार गोव्याच्या तिजोरीतून पगार देतं तेव्हा तो पैसा गोव्यातच गोळा झालेला असतो. विद्यापीठ नसतं तर तो रस्त्यावर, पाण्यावर किंवा दुसऱ्या कुठल्या खात्यावर खर्च झाला असता. त्यामुळे ‘विद्यापीठाने इतके कोटी अर्थव्यवस्थेत आणले’ असं म्हणताना तेवढी रक्कम सरळ जमेला धरणं चूक आहे.

खरा नवा पैसा तीन वाटांनी येतो. पहिली वाट दिल्लीची: विद्यापीठ अनुदान आयोग, जैवतंत्रज्ञान विभाग, विज्ञान व तंत्रज्ञान विभाग यांच्याकडून मिळणारे प्रकल्प, आणि एनआयटी-आयआयटीसारख्या संस्थांचा संपूर्ण खर्च. दुसरी वाट बाहेरच्या विद्यार्थ्यांची. केरळची किंवा बिहारची मुलगी इथे येऊन राहते तेव्हा तिच्या घरचे पैसे इथल्या खाणावळीत खर्च होतात. तिसरी वाट उलटी आहे आणि लोकांच्या लक्षात येत नाही: जो पैसा बाहेर गेला असता तो राहतो. पूर्वी एम.एस्सी. करायला मुलगा पुण्याला किंवा धारवाडला जायचा. वडील दर महिन्याला खोलीभाडं आणि मेसचे पैसे पाठवायचे. तो ताळगावला शिकतो तेव्हा ते पैसे शिरोड्याच्या, वाळपईच्या बाजारात राहतात.

माझ्या मते गोव्यासाठी ही तिसरी वाट सगळ्यात मोलाची आहे. मुलीच्या बाबतीत तर जास्तच. वीस वर्षांपूर्वी काणकोणच्या अनेक घरांत ‘पुण्याला पाठवणार नाही’ हा शेवटचा शब्द असायचा. जवळ विद्यापीठ नसतं तर त्या मुलींचं शिक्षण बारावीला थांबलं असतं, आणि तो तोटा कुठल्याच ताळेबंदात दिसला नसता.

एक रुपया गावात किती वेळा फिरतो?

खाजन शेती, म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेली शेती, पाहिलेल्याला हे लगेच समजेल. बांध कितीही भक्कम असला तरी पाणी आत किती राहणार हे मानशीच्या, म्हणजे बांधातल्या झडपेच्या, दारावर ठरतं. पैशाचं तसंच आहे. पगार आत आला, पुढे तो किती टिकणार हे खर्च कुठे होतो त्यावर अवलंबून.

समजा, एका साहाय्यक प्राध्यापकाने चवथीला (गणेश चतुर्थीला) माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांचं, सामान घेतलं. कांगलां, घागऱ्यो, नारळाची पेंड, सुपारीचा कातरा. हे सगळं सत्तरी-सांग्याच्या रानातून, बागायतीतून डोक्यावर किंवा टेम्पोतून बाजारात आलेलं. ते पैसे विकणाऱ्या बाईच्या हाती गेले, तिने त्यातून मुलांना कपडे घेतले, शिंप्याला पैसे दिले, शिंपी सकाळी पोदेराकडून (पाववाल्याकडून) उंडे घेतो. प्रत्येक टप्प्यावर रुपयाचा काही भाग गोव्यातच राहिला. त्याच प्राध्यापकाने ऑनलाइन मोबाइल मागवला तर पोचवणाऱ्या मुलाची मजुरी सोडून जवळजवळ सगळा पैसा त्याच दिवशी गोव्याबाहेर गेला.

हिशेब समजण्यासाठी धरलेले आकडे घेऊन पाहू. प्रत्येक फेरीत रुपयातले ४० पैसे गोव्यात राहत असतील तर १ + ०.४० + ०.१६ + ०.०६४ असं करत एकूण सुमारे १ रुपया ६७ पैशांची उलाढाल होते. ६० पैसे राहत असतील तर तोच आकडा २ रुपये ५० पैशांवर जातो. यालाच अर्थशास्त्रात गुणक म्हणतात. लहान राज्यात गळती जास्त असते, कारण भाजी बेळगावहून येते, कपडा सुरतहून, औषधं आणि यंत्रं आणखी लांबून. कोणी गोव्यासाठी चार-पाच पट परिणामाचे आकडे सांगू लागला तर आधी त्याने गळती किती धरली ते विचारा.

मग संस्थेने खरेदी गोव्यातूनच करावी का?

जिथे जमतं तिथे हो. पण हातात सगळं नाही. केंद्रीय संस्थांना नेहमीच्या वापराच्या वस्तू जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवरून घेणं २०१७ च्या वित्तीय नियमांनी बंधनकारक केलं. त्याने किमती उघड झाल्या, लाचेला जागा कमी झाली, ही चांगली गोष्ट. पण फोंड्याचा किंवा म्हापशाचा स्टेशनरीवाला पोर्टलवर नोंदणीच करत नाही, आणि कागदाची रिमं दिल्लीहून येतात. उपाय साधा आहे: त्या दुकानदाराला नोंदणी करायला मदत करणं. हे काम वाणिज्य शाखेचे विद्यार्थी एका सत्राच्या प्रकल्पात करू शकतात. कँटीन, झेरॉक्स, बागकाम, दुरुस्ती, विद्यार्थ्यांच्या बसेस ही कामं तर स्थानिकच असतात. महिला स्वयंसाहाय्य गटांना कँटीन चालवायला दिलं तर पैशाची पुढची फेरीही गावातच पडते.

खाणी आणि पर्यटनाच्या तुलनेत शिक्षणाचा रोजगार किती मोठा?

संख्येने लहान. पर्यटनाशी त्याची बरोबरी करू नये. पण तो वेगळ्या प्रकारचा आहे.

सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये बंदी उठवली, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द झाल्यावर मार्चमध्ये त्या पुन्हा थांबल्या. ज्यांनी डिचोली, साखळी, कुडचडे, सांगे हा पट्टा त्या दिवसांत पाहिला असेल त्यांना अंगणात उभे असलेले ट्रक आठवतील. हप्ते थकले, गॅरेज बंद झाली, चहाची दुकानं बंद झाली. त्याच साखळीत सरकारी महाविद्यालयाचा पगार महिन्याच्या महिन्याला येत राहिला. २०२० मध्ये हॉटेलं बंद पडली तेव्हाही सरकारी पगार चालू होते.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. पगारदारांना त्या संकटात आधार मिळाला, पण विद्यार्थ्यांवर जगणाऱ्यांना मिळाला नाही. महाविद्यालयाच्या फाटकासमोरचा झेरॉक्सवाला, रस ऑम्लेट विकणारा गाडेवाला, खोल्या भाड्याने देणारी विधवा बाई, यांची मिळकत वर्ग बंद झाले त्याच दिवशी थांबली. संस्थेच्या स्थैर्याचा फायदा भिंतीच्या आत जितका पोचतो तितका भिंतीबाहेर आपोआप पोचत नाही.

‘लेक्चर बेसिस’वर, म्हणजे तासाच्या हिशेबाने, शिकवणाऱ्यांचं काय?

या प्रश्नावर मला शांतपणे लिहिता येत नाही. तरी आधी आकडे.

सातव्या वेतन आयोगानुसार साहाय्यक प्राध्यापकाचं सुरुवातीचं मूळ वेतन महिना ५७,७०० रुपये. त्यावर महागाई भत्ता आणि घरभाडे भत्ता. अतिथी अध्यापकांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये ठरवलेली मर्यादा तासाला १,५०० रुपये आणि महिन्याला जास्तीत जास्त ५०,०००. कागदावर हा फरक फार वाटत नाही. पण तास मिळाले तर पैसे. चवथीची सुट्टी, दिवाळी, नाताळ, परीक्षांचे आठवडे, उन्हाळा, या काळात तास नाहीत.

मी पहिली दोन वर्षं अशी काढली. एका वर्षी जूनपासून शिकवलेल्या तासांचे पैसे नोव्हेंबरात हाती आले. त्या चवथीला घरच्या माटोळीचं सामान आईने तिच्या पैशाने आणलं. बँकेत कर्जासाठी गेलो तर पगाराची पावती मागितली, ती माझ्याकडे नव्हती. माझ्याबरोबर शिकवणारी मैत्रीण तीन महाविद्यालयांत तास घ्यायची, सकाळी म्हापसा, दुपारी पणजी, आणि दिवसाचे दोन-अडीच तास कदंब बसमध्ये. ती उत्तम शिकवायची. तिसऱ्या वर्षी ती शिपिंग कंपनीच्या कार्यालयात कारकून झाली.

अर्थव्यवस्थेच्या भाषेत बोलायचं तर कायम नोकरीतला माणूस घर बांधतो, पाथरवटाला, सुताराला, प्लंबरला काम देतो. बेभरवशाच्या मानधनावरचा माणूस हातचं राखून जगतो. पद मंजूर असून वर्षानुवर्षं रिकामं ठेवलं की सरकारचा पगार वाचतो, आणि गावाचं तेवढं काम बुडतं. शिवाय दर वर्षी नवा शिक्षक येणाऱ्या वर्गाचं जे नुकसान होतं ते वेगळंच. विद्यापीठाने रोजगार निर्माण केला असं म्हणायचं असेल तर आधी त्याने स्वतःच्या घरातल्या नोकऱ्या नोकऱ्यांसारख्या कराव्यात, असं मला मनापासून वाटतं.

संशोधनातून प्रत्यक्ष रोजगार होतो का, की ते कागदावरच राहतं?

गोव्यात याचं चांगलं उदाहरण समुद्र आहे. दोनापावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १ जानेवारी १९६६ ला स्थापन झाली. भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहूनच निघाली. १९९८ मध्ये वास्कोला हेडलँड सड्यावर ध्रुवीय संशोधनाचं केंद्र आलं, आज मैत्री आणि भारती या अंटार्क्टिकावरच्या भारतीय तळांचं काम तिथून चालतं. विद्यापीठात सागरी विज्ञान, सूक्ष्मजीवशास्त्र, भूशास्त्र शिकवतात आणि दोनापावलाच्या शास्त्रज्ञांकडे काम करणारे कितीतरी विद्यार्थी पीएच.डी.ची नोंदणी गोवा विद्यापीठात करतात.

एकेकटी संस्था असती तर इतकं झालं नसतं. तीन संस्था दहा-वीस मैलांच्या आत असल्यामुळे एम.एस्सी. झालेल्या मुलाला इथेच प्रकल्प साहाय्यकाची जागा मिळते, तिथून संशोधनवृत्ती, तिथून पुढे नोकरी. संशोधन जहाजांना धक्का लागतो, इंधन, शिधा, दुरुस्ती, उपकरणांची ने-आण लागते, त्यावर मुरगाव बंदरात माणसं पोटं भरतात. प्रकल्पातल्या जागा मुदतीच्या असतात, हा त्यातला दोष आहेच.

दुसरं क्षेत्र औषधांचं. वेर्णा, कुंडई इथल्या औषध कारखान्यांच्या गुणवत्ता तपासणी प्रयोगशाळांत रसायनशास्त्र आणि फार्मसीची पदवी घेतलेली गोव्यातली मुलं-मुली मोठ्या संख्येने आहेत. सकाळी सहाला मडगाव, फोंडा, वास्कोच्या नाक्यांवर कंपनीच्या बसची वाट पाहणारे चेहरे पाहिले की त्यातले निम्मे आपल्याच कुठल्या ना कुठल्या महाविद्यालयातले निघतात. तिथे शिक्षकांचं आणि कारखान्यांचं बोलणं मात्र कमी आहे. मुलांना औषधातले घटक तपासणारं एचपीएलसी यंत्र अभ्यासक्रमात माहीत असतं, हाताळायला मिळत नाही.

शेतीसाठी विद्यापीठाने काही केलं का?

इथे गोवा मागे राहिला. कृषी पदवी घ्यायची तर मुलं दापोलीला किंवा धारवाडला जात. गोव्यात पहिलं कृषी महाविद्यालय २०१५ मध्ये केप्यातल्या सुळकर्णे गावी आलं, तेही खासगी. संशोधनाची बाजू जुने गोवे इथल्या केंद्रीय कृषी संशोधन संस्थेने सांभाळली. खाजनातल्या खाऱ्या पाण्यात तग धरणाऱ्या कोरगुट या आपल्या जुन्या भातातून निवड करून तिथे गोवा धान १ आणि गोवा धान २ हे वाण काढले. शेतकऱ्याच्या घरात जपलेल्या बियाण्यावर सरकारी प्रयोगशाळेने काम केलं आणि ते पुन्हा शेतात गेलं, असं वर्तुळ पूर्ण झालेलं मला फार आवडतं. मानशी फुटून पडीक पडलेली खाजनं परत लागवडीखाली येणार असतील तर त्यात या बियाण्याचा वाटा असेल.

गोमेकॉला यात का धरायचं? ते तर हॉस्पिटल आहे.

कारण ते शिकवणारं हॉस्पिटल आहे आणि रोजगाराच्या दृष्टीने आपल्या सार्वजनिक शिक्षणातला सगळ्यात मोठा गाडा तेच ओढतं. त्याचं मूळ १८४२ च्या पोर्तुगीज वैद्यकीय शाळेत आहे. तिथे शिकलेले गोंयकार डॉक्टर पोर्तुगिजांच्या आफ्रिकेतल्या वसाहतींत जाऊन काम करत.

आज बांबोळीला डॉक्टरांपेक्षा कितीतरी जास्त परिचारिका, तंत्रज्ञ, वॉर्डबॉय, रुग्णवाहिका चालक, स्वयंपाकी काम करतात. सिंधुदुर्गातून आणि कारवारकडून रुग्ण येतात, त्यांचे नातेवाईक राहतात, जेवतात, औषधं घेतात. जानेवारी २०१८ पासून बाहेरच्या रुग्णांना शुल्क लावलं तेव्हा दोडामार्ग, सावंतवाडी, बांद्यात नाराजी उठली होती. ती समजण्यासारखी होती. त्या गावांचं आणि आपलं नातं लग्नाचं, जत्रेचं, भाषेचं आहे.

मराठी, कोकणी, पोर्तुगीज शिकून पोट भरतं का?

भरतं, पण वाट सरळ नाही. १९६२ मध्ये पणजीत ‘गोमन्तक’ सुरू झाला तेव्हापासून मराठी दैनिकांना इथे वाचक आहे आणि त्यांच्या संपादकीय विभागांत मराठी विभागातून शिकलेली माणसं आहेत. शाळांमध्ये शिक्षक लागतात. १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोकणी राजभाषा झाली आणि मराठीचा सरकारी कामासाठी वापर करण्याची तरतूद राहिली, त्यामुळे अनुवादाचं काम असतं. पोर्तुगीजचं पदव्युत्तर शिक्षण देशात मोजक्याच ठिकाणी मिळतं, त्यात गोवा विद्यापीठ आहे. जुने जमिनीचे दस्त, कोमुनिदादची (गावाची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेची) कागदपत्रं, चर्चच्या नोंदी वाचता येणारी तरुण माणसं आज वकिलांना आणि पुराभिलेखागाराला हवी आहेत. ही कागदपत्रं वाचणारी जुनी पिढी संपत चालली आहे.

शिकलेली मुलं गोव्याबाहेर जातात. मग खर्च वाया गेला नाही का?

काही प्रमाणात गळती आहे. पुणे, बंगळुरू, आखात, बोटीवरची नोकरी, पोर्तुगालचा पासपोर्ट घेऊन युरोप. पण गोव्याची माणसं विद्यापीठ येण्याआधीही शंभर-दीडशे वर्षं बाहेर जात होती, तारवटी (खलाशी) म्हणून, मुंबईच्या कुडांत, म्हणजे गोंयकारांच्या सामाईक निवासांत, राहून. पदवी घेऊन गेलेला जास्त कमावतो आणि घरी जास्त पाठवतो, तो पैसा गावातल्या घराच्या छपरावर दिसतो.

मला चिंता वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. जाणाऱ्यांतले कितीजण आवडीने जातात आणि कितीजण इथे पर्याय नाही म्हणून? दुसऱ्या गटासाठी विद्यापीठ एकट्याने काही करू शकत नाही. इथे पदवीला साजेशी नोकरी देणारा उद्योग हवा, आणि ‘सरकारी नोकरी मिळेपर्यंत थांबू’ या घरोघरच्या सल्ल्याचाही विचार व्हायला हवा. २०२३-२४ पासून चार वर्षांच्या पदवीत प्रत्यक्ष कामाचा अनुभव घेण्याची सोय आली आहे. मोपाच्या विमानतळावर, वेर्ण्याच्या कारखान्यात, पंचायतीत, ग्रामीण पतसंस्थेत मुलं खरोखर काम शिकली तर उपयोग. नुसत्या सह्या झाल्या तर नाही.

महाविद्यालयाशेजारी घरभाडी वाढतात, त्याचं?

वाढतात. ताळगाव, दोनापावल, सांताक्रूझ, बांबोळी इथे विद्यार्थी, डॉक्टर आणि पर्यटक एकाच खोलीसाठी स्पर्धा करतात. ज्याच्याकडे दोन खोल्या जास्त आहेत त्याचा फायदा, ज्याला घर नाही त्याचं नुकसान. वसतिगृहं वाढवणं हा यावरचा सरळ उपाय. वसतिगृह नसलं तर केप्याची किंवा पेडण्याची गरीब मुलगी रोज चार तास प्रवास करते. संध्याकाळची शेवटची बस चुकू नये म्हणून प्रयोगशाळेतून अर्धं काम सोडून निघते.

आयआयटीसाठी जमीन द्यायला लोक विरोध का करतात? नोकऱ्या येणार होत्या ना?

आयआयटी २०१६ पासून फर्मागुढीला अभियांत्रिकीच्या आवारात तात्पुरत्या जागेत सुरू झाली. कायम जागेसाठी सत्तरीतल्या शेळ-मेळावलीची निवड झाली, जानेवारी २०२१ मध्ये तिथे मोठा संघर्ष झाला आणि सरकारने ती जागा सोडली.

मेळावलीच्या माणसांना शिक्षण नको होतं असं म्हणणं अन्याय आहे. त्यांचा हिशेब सरळ होता. डोंगरावरचा काजू दर वर्षी पैसा देतो, बोंडूपासून हुर्राक, फेणी ही दारू होते, आणि त्या जमिनीचा दाखला बहुतेकांच्या नावावर नाही, त्यामुळे भरपाईही मिळणार नाही. बदल्यात मिळणार होत्या त्या नोकऱ्या कोणत्या? आयआयटीत राज्याचा कोटा नसतो, त्यामुळे गावातल्या मुलांना प्रवेशाची हमी नाही. प्राध्यापक देशभरातून येणार. गावाच्या वाट्याला कुंपणाचं, बागेचं, सफाईचं काम, तेही कंत्राटावर. ज्याचं जातं आणि ज्याला मिळतं ते दोघे वेगळे असले की एकूण फायद्याचा आकडा कितीही मोठा असो, तो गमावणाऱ्याच्या उपयोगाचा नसतो.

एनआयटीची गोष्ट जरा वेगळी झाली. तीही आधी फर्मागुढीला होती, मग कुंकळ्ळीत स्वतःच्या जागेत गेली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये तिचं लोकार्पण झालं. एनआयटीत निम्म्या जागा गृहराज्याच्या कोट्यात असतात, हा मोठा फरक. माझं मत विचाराल तर संकुलाची जागा ठरण्याआधी गावाशी लेखी करार व्हावा: किती कायम पदं स्थानिकांना, कोणती कंत्राटं गावाच्या संस्थांना, गावातल्या शाळेसाठी संस्था काय करणार, दाखला नसलेल्या बागायतदाराला भरपाई कशी.

खासगी विद्यापीठं हेच काम जास्त चांगलं करत नाहीत का?

बाहेरचा पैसा आणण्यात खासगी संस्था पुढे असू शकते. सांकवाळला २००४ मध्ये बिट्स पिलानीचं संकुल आलं, देशभरातून मुलं येतात, परिसरात व्यवसाय वाढला. हे मान्य करायला काहीच हरकत नाही. पण तिथली फी सत्तरीतल्या रिक्षाचालकाला परवडणारी नाही. त्याच्या मुलीसाठी साखळीचं सरकारी महाविद्यालय, राज्याच्या शिक्षण विकास महामंडळाचं बिनव्याजी कर्ज आणि ताळगावचं विद्यापीठ हाच रस्ता आहे. ती शिक्षिका झाली की त्या घराची मिळकत एका पिढीत बदलते.

आमच्या भागातल्या महाविद्यालयाचा परिसराला किती फायदा होतो, हे आम्ही कसं शोधायचं?

माहिती अधिकाराचा अर्ज करा, उत्तर तीस दिवसांत यायला हवं. मंजूर पदं किती, भरलेली किती, तासांवर शिकवणारे किती आणि त्यांचे पैसे शेवटचे कधी दिले, हे विचारा. गेल्या वर्षी झालेल्या खरेदीतली किती रक्कम गोव्यातल्या पुरवठादारांना गेली, कँटीन आणि सफाईचं कंत्राट कोणाकडे आहे, त्या कामगारांना किमान वेतन आणि भविष्यनिर्वाह निधी मिळतो का, हेही विचारा. कुठल्या तालुक्यातून किती विद्यार्थी येतात याची यादी प्रवेश कार्यालयात असते. ती बसच्या वेळापत्रकाशेजारी ठेवून पाहा. धारबांदोड्याहून मुलं कमी का येतात याचं उत्तर बऱ्याचदा तिथेच सापडतं: सकाळी आठच्या तासाला पोचवणारी बसच नसते.